छातीवरचं चिन्ह वाचता येतं का? – बार्सिलोनाच्या बोधचिन्हाची गोष्ट



शाळेत क्रीडासप्ताह असला की गणवेशाला सुट्टी असते आणि मैदान रंगीबेरंगी जर्सींनी भरून जातं. त्यात एक जर्सी हमखास दिसते. निळे आणि किरमिजी उभे पट्टे, पाठीवर मेस्सीचं नाव आणि 10 हा आकडा. मेस्सी 2021 मध्ये बार्सिलोना क्लब सोडून गेला, पण त्याची जर्सी काही आपल्या मैदानावरून गेली नाही!

अशीच जर्सी घातलेल्या एका मुलाला मी विचारलं, "बाळा, हे छातीवर काय आहे रे?"

"सर, बार्साचा लोगो."

"त्यात काय काय आहे?"

त्याने मान खाली घालून, जर्सी हाताने ताणून पाहिलं. "बॉल आहे... पट्टे आहेत... आणि हा इंग्लंडचा झेंडा आहे."

आजूबाजूची मुलं हसली नाहीत, कारण त्यांनाही तो इंग्लंडचाच झेंडा वाटत होता. मलाही कधीकाळी तसंच वाटलं होतं. खेळाडूचा पगार, गोल, बूट कोणत्या कंपनीचे हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पण जे चिन्ह आपण हृदयापाशी मिरवतो, ते आपल्याला वाचता येत नाही. आणि मुद्दा असा की, काही लोकांना ते फार चांगलं वाचता येत होतं. इतकं चांगलं, की त्यांनी त्यातले दोन पट्टे पुसून टाकायला लावले!

ते लोक कोण होते आणि त्यांनी असं का केलं, हेच आज पाहू या. आधी चिन्ह नीट वाचू, मग त्याचा इतिहास पाहू आणि शेवटी मला जे वाटतं ते सांगेन. तुम्हाला पटेल असंच नाही. न पटलं तर वाद जरूर घाला.

चिन्हात काय आहे?

बार्सिलोना हे स्पेनमधलं शहर. स्पेनच्या ईशान्येला असलेल्या कॅटलोनिया या प्रांताची ती राजधानी. या प्रांताची स्वतःची भाषा आहे, तिचं नाव कॅटलान. स्पॅनिश आणि कॅटलान या बहिणी-बहिणी असल्या तरी भाषा दोन आहेत, एकीची ती बोली आणि दुसरीची ती प्रमाण असं नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

क्लबचं बोधचिन्ह एखाद्या फुगीर मडक्याच्या आकाराचं आहे. त्याचे तीन भाग आहेत.

वर डाव्या बाजूला पांढऱ्यावर लाल क्रॉस आहे. हा सेंट जॉर्जचा क्रॉस. सेंट जॉर्ज हा इंग्लंडचा संत, म्हणून तो इंग्लंडच्या झेंड्यावर आहे. पण तोच कॅटलोनियाचाही रक्षक संत आहे. तिथे त्याला 'सांत जोर्दी' म्हणतात. राक्षसी ड्रॅगनला मारून राजकन्येला सोडवणारा वीर, अशी त्याची लोककथा. त्याचा दिवस 23 एप्रिल. त्या दिवशी कॅटलोनियात लोक एकमेकांना गुलाब आणि पुस्तक भेट देतात. आपण शाळेत ज्या दिवशी जागतिक पुस्तक दिन साजरा करतो तो हाच दिवस बरं का! युनेस्कोने 1995 मध्ये ही तारीख ठरवली, त्यामागे ही पुस्तक देण्याची प्रथाही होती. म्हणजे आपला मुलगा अगदीच चुकला नव्हता. खूण एकच, पण गाव बदललं की तिचा अर्थ बदलतो, हा पहिला धडा.

वर उजव्या बाजूला पिवळ्यावर लाल उभे पट्टे आहेत. मोजून पाहा, लाल पट्टे चार. हे कॅटलोनियाच्या झेंड्याचे पट्टे, त्या झेंड्याला 'सेन्येरा' म्हणतात. याचीही एक दंतकथा आहे. नवव्या शतकात बार्सिलोनाचा सरदार विफ्रेड युद्धात जखमी झाला, तेव्हा राजाने त्याच्याच रक्तात चार बोटं बुडवून त्याच्या सोनेरी ढालीवर ओढली, आणि चार पट्टे उमटले. गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती इतिहास नाही. ढालीवर अशी कुलचिन्हं काढायची पद्धतच युरोपात बाराव्या शतकात रूढ झाली. तरीही लोक ही कथा सांगतात, कारण ते चार पट्टे त्यांना रक्ताच्या नात्याचे वाटतात. दंतकथा खरी नसली तरी लोकांच्या मनातलं खरं सांगून जाते.

मध्ये एक आडवी पट्टी, तिच्यावर तीन अक्षरं: एफ, सी, बी. फुटबॉल क्लब बार्सिलोना. आणि खाली क्लबचे निळे-किरमिजी पट्टे आणि त्यावर चेंडू.

बघा, एवढ्याशा जागेत संत, प्रदेश, नाव, रंग आणि खेळ असं सगळं बसवलंय. हे कुणी केलं?

सभासदांनी निवडलेलं चिन्ह

क्लबची स्थापना 29 नोव्हेंबर 1899 ची. हान्स गँपर नावाच्या एका स्विस तरुणाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की, फुटबॉल खेळायची आवड असणाऱ्यांनी संपर्क साधावा. त्यातून हा क्लब उभा राहिला. म्हणजे आज कॅटलोनियाचा अभिमान समजला जाणारा क्लब बाहेरून आलेल्या माणसाने सुरू केला. पुढे त्यानेच आपलं नाव कॅटलान पद्धतीने 'जोआन' असं करून घेतलं.

सुरुवातीला क्लबने शहराचंच मानचिन्ह वापरलं. चौकोनी शंकरपाळ्यासारखी ढाल, वर मुकुट, त्यावर वटवाघूळ. पण ते शहराचं, क्लबचं स्वतःचं नव्हे. म्हणून 1910 मध्ये क्लबने स्पर्धा ठेवली. सभासदांनी आपापली चित्रं द्यायची, त्यातलं एक निवडायचं. स्पर्धा जिंकली कार्लेस कोमामालाने. तो क्लबचाच खेळाडू होता. त्याने शहराच्या जुन्या मानचिन्हातला क्रॉस आणि पट्टे तसेच ठेवले आणि त्यांच्याखाली क्लबचं नाव, रंग आणि चेंडू आणला. थोडेफार बदल सोडले तर आज आपण पाहतो ते हेच चिन्ह.

इथे एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा: हे चिन्ह कुणी वरून दिलेलं नव्हतं, क्लबच्या लोकांनी आपल्यातल्याच एकाकडून घेतलेलं होतं.

दोन पट्टे आणि दोन अक्षरं

आता कथेचा कठीण भाग.

विसाव्या शतकात स्पेनमध्ये दोनदा हुकूमशाही आली. पहिली प्रिमो दे रिव्हेराची. 14 जून 1925 रोजी बार्सिलोनाच्या लेस कॉर्त्स मैदानावर सामन्याआधी एका ब्रिटिश बँडने स्पेनचं राष्ट्रगीत वाजवलं. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून ते बुडवून टाकलं. सरकार कॅटलान भाषेवर आणि संस्थांवर जी बंधनं घालत होतं, त्याचा तो राग होता. शिक्षा म्हणून मैदान सहा महिने बंद ठेवायचा हुकूम निघाला आणि अध्यक्ष गँपरला पद सोडून देशाबाहेर जावं लागलं.

दुसरी हुकूमशाही जनरल फ्रँकोची, आणि ती फार लांबली. 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लबचा अध्यक्ष जोसेप सुन्योल फ्रँकोच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मार्च 1938 मध्ये शहरावर बॉम्बहल्ले झाले, त्यात क्लबच्या कार्यालयावरही बॉम्ब पडला. जानेवारी 1939 मध्ये फ्रँकोचं सैन्य बार्सिलोनात शिरलं. शाळा, कचेऱ्या, छापखाने, सगळीकडून कॅटलान भाषा हद्दपार झाली. क्लबचे अध्यक्ष सरकारच्या मर्जीने नेमले जाऊ लागले.

आणि मग बोधचिन्हाची पाळी आली.

देशातल्या संघांच्या नावात परके शब्द नकोत, असा आदेश निघाला. बिल्बाओचा 'अ‍ॅथलेटिक' 'अ‍ॅटलेटिको' झाला, खिखोनच्या संघाच्या नावातला 'स्पोर्टिंग' हा शब्द गेला. 'फुटबॉल क्लब बार्सिलोना' हे नाव इंग्रजी पद्धतीचं, म्हणून 1941 मध्ये ते स्पॅनिश वळणाचं 'क्लब दे फुटबॉल बार्सिलोना' करण्यात आलं. चिन्हावरची 'एफसीबी' ही अक्षरं 'सीएफबी' झाली. तुम्ही म्हणाल, अक्षरं तीच तर आहेत, फक्त पुढेमागे झाली! खरंय. पण तुमच्या नावातली अक्षरं दुसऱ्या कुणी तुम्हाला न विचारता पुढेमागे केली तर?

त्याहून बोलका बदल वर उजव्या कोपऱ्यात झाला. चार लाल पट्ट्यांचे दोन झाले. पिवळ्यावर दोन लाल पट्टे म्हणजे काय होतं, वहीत काढून पाहा. लाल, पिवळा, लाल. स्पेनच्या झेंड्याची आठवण व्हावी असं ते दिसतं. फक्त दोन रेघा पुसल्या, आणि प्रदेशाचा झेंडा नाहीसा झाला.

आता विचार करा. युद्ध जिंकलेलं सरकार, हाताशी सैन्य, तुरुंग, पोलीस सगळं काही. त्याला एका फुटबॉल क्लबच्या छातीवरच्या दोन बारीक रेघांची अडचण का वाटावी? कारण लोकांची भाषा बंद केली तरी डोळे बंद करता येत नाहीत. ज्याला आपल्या भाषेत पाटी लिहायची परवानगी नाही, तो चार पट्टे पाहून मनातल्या मनात ती पाटी वाचतो. सत्तेला हे कळत होतं.

म्हणून मी म्हणतो, 'लोगोत काय आहे, खेळ महत्त्वाचा' हे वाक्य बोलायला सोपं आहे, पण ते खरं असतं तर तो लोगो बदलायची तसदी कुणी घेतलीच नसती.

परत आलेली अक्षरं

1949 मध्ये क्लबला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने चार पट्टे परत आले. अक्षरांना मात्र थांबावं लागलं. 1950 च्या दशकात कुबालासारखा महान खेळाडू ज्या चिन्हाखाली खेळला, 1957 मध्ये कॅम्प नोउ हे प्रचंड मैदान ज्या चिन्हाखाली उघडलं, त्यावर 'सीएफबी' होतं. जुनं नाव आणि 'एफसीबी' ही अक्षरं परत मिळाली ती 1974 च्या सुमारास. फ्रँको वारला नोव्हेंबर 1975 मध्ये. म्हणजे हुकूमशहा जिवंत असतानाच क्लबने आपलं नाव परत मिळवलं होतं. तीन अक्षरं पूर्वीच्या क्रमाने लावायला तेहतीसेक वर्षं लागली!

मधल्या काळात, 1968 मध्ये, अध्यक्षपद स्वीकारताना नार्सिस दे कारेरास यांनी बार्सिलोना हा 'क्लबपेक्षा काहीतरी अधिक' आहे असं म्हटलं. ते शब्द पुढे क्लबचं घोषवाक्य झाले. आज जर्सीच्या जाहिरातीत ते आपण सहज वाचतो. पण ज्या वर्षी ते उच्चारले गेले, त्या वर्षी चिन्हावर अजून क्लबचं खरं नावही नव्हतं. हे माहीत असलं की त्या शब्दांचं वजन वेगळंच लागतं.

थांबा, एक बाजू अजून आहे

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, वा! म्हणजे हा क्लब सतत हुकूमशहाशी लढतच होता. मित्रांनो, आवडत्या संघाचा इतिहास वाचताना हीच चूक होते. आपल्याला नायक आणि खलनायक हवे असतात.

खरी गोष्ट गुंतागुंतीची आहे. बदललेलं चिन्ह छातीवर लावूनच संघ खेळत राहिला आणि जिंकतही राहिला. 1948, 1949, 1952, 1953 अशा एकामागून एक लीग स्पर्धा त्याने जिंकल्या. एवढंच नाही, 1970 च्या दशकात क्लबने खुद्द फ्रँकोला पदकं देऊन गौरवलं होतं. ती पदकं क्लबने अधिकृतपणे मागे घेतली 2019 मध्ये, म्हणजे फ्रँकोच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. शिवाय 'एफसीबी' हा अक्षरांचा मूळ क्रम तरी कुठे अस्सल कॅटलान होता? तो तर इंग्रजांच्या खेळाबरोबर आलेला.

मग ही कथा खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. उलट इथेच माझा मुद्दा पक्का होतो. चिन्ह पवित्र म्हणून मोलाचं नसतं, ते आपलं म्हणून मोलाचं असतं. अक्षरं मुळात इंग्रजी वळणाची असतील, पण सभासदांनी ती आपखुशीने घेतली होती. संस्थापक स्विस असेल, पण लोकांनी त्याला आपला मानला होता. 'सीएफबी' मध्ये वाईट असं काहीच नव्हतं. वाईट होतं ते एवढंच, की ते विचारून झालं नव्हतं.

बदल करायचाच नाही का?

करायचा ना! 2002 मध्ये क्लारेत सेराहिमा या रचनाकाराने चिन्हाला आजचं रूप दिलं. अक्षरांमधली टिंबं काढली, कडा सोप्या केल्या. अर्थाला धक्का लागला नाही, म्हणून ते चिन्ह सहज रुळलं. काळानुसार रेषा बदलतात, आपली सहीसुद्धा नाही का बदलत?

खरी परीक्षा झाली 2018 मध्ये. क्लबच्या संचालक मंडळाने नवं चिन्ह मांडलं. ते अधिक सुटसुटीत होतं, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ठळक दिसेल असं. पण त्यातून 'एफसीबी' ही तीन अक्षरं पूर्ण वगळली होती. चिन्ह सगळं जग ओळखतं, मग अक्षरं कशाला, असा विचार त्यामागे होता.

विचार तसा चुकीचा नव्हता. पण ज्या अक्षरांसाठी आजोबांच्या पिढीने तीस-तीस वर्षं वाट पाहिली, ती नातवाने 'पडद्यावर बसत नाहीत' म्हणून काढावीत? अनेक सभासदांना ते रुचलं नाही. हा क्लब कुणा एका धनिकाच्या मालकीचा नाही, लाखाहून अधिक सभासदांच्या मालकीचा आहे. म्हणून चिन्ह बदलायचं तर प्रस्ताव सभासदांच्या सभेपुढे न्यावा लागतो. ऑक्टोबर 2018 मध्ये ती सभा भरली, तेव्हा वाढती नाराजी पाहून मंडळाने प्रस्ताव मतदानाला न टाकताच मागे घेतला. अक्षरं राहिली.

1941 आणि 2018 ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वेळा अक्षरांवरच गंडांतर आलं. मी दोन्हींना एका तराजूत तोलत नाही. पहिल्या वेळी बंदूक होती, दुसऱ्या वेळी फक्त बाजाराची घाई. पण फरक ठरवला तो एका साध्या गोष्टीने: दुसऱ्या वेळी लोकांना 'नको' म्हणायला जागा होती. माझ्या मते चिन्ह जुनं आहे की नवं, सुंदर आहे की बेढब, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा की, ज्यांच्या छातीवर ते लावायचं त्यांना विचारलं का?

आता तुमचं काम

क्रीडासप्ताहातल्या त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही, तेवढा वेळ नव्हता. एवढंच म्हटलं, "उजवीकडचे लाल पट्टे मोज." त्याने मोजले. "चार, सर."

"एकेकाळी तिथे दोनच होते. का ते शोधून काढ."

दुसऱ्या दिवशी तो आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "सर, कुणाचा झेंडा असा कसा पुसता येईल?" मला वाटतं, वर्षभराच्या इतिहासाच्या तासांत मला कुणी विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता.

तर मित्रांनो, तुम्हीही एक करा. तुमच्या आवडत्या क्लबचं बोधचिन्ह वहीत हाताने काढा. छापील चित्र चिकटवू नका, काढाच. काढताना प्रत्येक रेघ दिसते. मग प्रत्येक भागाखाली लिहा: हे कुठून आलं? कुणी दिलं? कधी बदललं? बदलताना कुणाला विचारलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वेळ लागेल, पण खरी गोष्ट तिथेच सापडते.

आणि ते झालं की आपल्या गणवेशाच्या खिशावरचं शाळेचं बोधचिन्ह पाहा. रोज ते छातीवर लावून आपण शाळेत येतो. ते कुणी काढलं, त्यातल्या प्रत्येक खुणेचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगता येतं का? नसेल येत, तर उद्या तुमच्या सरांना किंवा बाईंना विचारा. त्यांनाही माहीत नसेल तर फारच छान. दोघं मिळून शोधा.